डिस्प्ले ड्रायव्हरच्या कॉमेंट तपासताना

आमच्या बाणेरच्या छोट्या कंपनीत कारखान्यांतल्या यंत्रांवर बसणारे पडदे बनतात. त्यांच्या बोर्डावर एक डिस्प्ले कंट्रोलर असतो आणि त्याचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा कोड, आम्ही बरीच वर्षं स्वतःपुरता सांभाळत आलो. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नवी आवृत्ती आली की पॅच, म्हणजे आमचे बदल, पुन्हा बसवा, पुन्हा सगळ्या चाचण्या करा, हे दर वेळचं दुखणं. शेवटी ड्रायव्हर मूळ कर्नलमध्येच द्यायचं ठरलं. तो पाठवण्याआधी त्यातल्या सगळ्या डॉक्युमेंटेशन कॉमेंट तपासायचं काम माझ्याकडे आलं. कॉमेंट लिहिल्या होत्या नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलानं. मन लावून काम करणारा मुलगा आहे, मला 'ताई' म्हणतो आणि शंका मनात ठेवत नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कर्नलच्या सी कोडमध्ये साधी कॉमेंट एका ताऱ्यानं उघडते. दोन ताऱ्यांनी, म्हणजे /** असं लिहून उघडली की ती कर्नल-डॉक कॉमेंट होते. पहिल्या ओळीत फंक्शनचं नाव आणि त्याचं काम, मग प्रत्येक पॅरामीटरसाठी (फंक्शनला आत दिलेल्या मूल्यासाठी) @ लावून एक ओळ, मग सविस्तर वर्णन आणि शेवटी फंक्शन काय परत देतं ते. एक स्क्रिप्ट या कॉमेंट कोडमधून उचलते आणि स्फिंक्स त्यांची वेबपानं तयार करतं. स्फिंक्स आलं ते २०१६ मध्ये, कर्नलच्या ४.८ आवृत्तीत, त्याआधी डॉकबुकवर काम चालायचं. ती स्क्रिप्टही वर्षानुवर्षं पर्लमध्ये होती, २०२५ मध्ये ती पायथनमध्ये आली. या सगळ्याचा अर्थ असा की कोडमध्ये लिहिलेली ओळ उद्या कर्नलच्या अधिकृत पुस्तिकेत छापल्यासारखी दिसते. आमचा बोर्ड ज्यानं आयुष्यात पाहिलेला नाही, असा कुणीतरी ती वाचून आपला कोड लिहिणार असतो.

पहिल्या दिवशी त्यानं मला बिल्ड दाखवला. बिल्डला डब्ल्यू=१ हा पर्याय दिला की सी फाइलींमधल्या कर्नल-डॉक कॉमेंटही तपासल्या जातात. 'अमुक पॅरामीटरचं वर्णन नाही', 'वर्णन आहे पण असा पॅरामीटरच नाही', 'कॉमेंट एका फंक्शनची आणि खाली प्रोटोटाइप दुसऱ्याचा' अशा वॉर्निंग येतात. आधी आमच्या ड्रायव्हरमध्ये त्यांचा पाऊस पडायचा. त्यानं एकही ठेवली नव्हती. "ताई, आता एकदम क्लीन आहे," तो म्हणाला, आणि बिल्ड खरोखर स्वच्छ होता.

मग मी फाइल उघडली. सीआरटीसी, म्हणजे तयार चित्र पडद्याकडे पाठवणारा कंट्रोलरचा भाग. त्या नावाच्या पॅरामीटरपुढे लिहिलं होतं 'सीआरटीसी'. स्टेटपुढे 'अ‍ॅटॉमिक स्टेट'. क्लॉकपुढे 'पिक्सेल क्लॉक'. पानंच्या पानं अशी.

यात त्याचा दोष मला वाटला नाही. स्क्रिप्टनं जे मागितलं ते त्यानं दिलं. स्क्रिप्ट एवढंच बघते की प्रत्येक नावापुढे काहीतरी मजकूर आहे की नाही. तो मजकूर खरा आहे का, वाचणाऱ्याला त्यातून काही कळतं का, हे तिला समजायचा प्रश्नच नाही. पण माझं मत याबाबत पक्कं आहे: अशी पोकळ ओळ वॉर्निंगपेक्षा वाईट. वॉर्निंग असेपर्यंत निदान इथे काहीतरी लिहायचं राहिलंय हे दिसत असतं. पोकळ ओळ लिहिली की ती खूण पुसली जाते आणि पुन्हा कुणी तिथे फिरकत नाही. डिस्प्लेच्या कोडमध्ये मी हे अनेकदा पाहिलं आहे. जिथे माहितीची सगळ्यात जास्त गरज, नेमकं तिथेच 'सीआरटीसी: सीआरटीसी'.

माझी तपासायची पद्धत साधी आहे. एडिटरमध्ये कॉमेंट घडी करून लपवते आणि आधी फक्त फंक्शन वाचते. वाचताना कागदावर मराठीत टिपणं काढते. आत काय येतं, कुठल्या एककात येतं, बाहेर काय जातं, कुठलं लॉक (एखादी गोष्ट एका वेळी एकानंच वापरावी म्हणून लावायचं कुलूप) आधीच घेतलेलं असायला हवं, मिळालेली वस्तू नंतर कुणी सोडायची, हे फंक्शन झोपू शकतं का, म्हणजे मध्येच वाट बघत थांबू शकतं का. मग कॉमेंट उघडते आणि कागदाशी ताडून बघते. कॉमेंट आधी वाचली तर डोळे कोडमध्ये तेच शोधत राहतात जे कॉमेंटनं सांगितलं, आणि सापडतंही. म्हणून हा क्रम मी कधी उलटा करत नाही. सकाळी लवकर ऑफिसला येऊन, बाणेर रोडवर गर्दी सुरू व्हायच्या आत बसलं की हे काम चांगलं होतं. यात मध्येच मीटिंग आली की हातातला धागा सुटतो.

सुरुवात क्लॉकपासून केली, कारण एककाचा गोंधळ बहुधा तिथेच असतो. डीआरएममध्ये, म्हणजे कर्नलच्या डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर या भागात, डिस्प्ले मोडचं जे स्ट्रक्चर आहे त्यातला क्लॉक किलोहर्ट्झमध्ये असतो. कर्नलची क्लॉक फ्रेमवर्क मात्र हर्ट्झ मागते. आपल्या नेहमीच्या १९२० बाय १०८० पडद्याचं उदाहरण घ्या. दिसणारे पिक्सेल तेवढेच असले तरी ब्लँकिंगचा, म्हणजे ओळी आणि फ्रेमच्या मधला न दिसणारा, वेळ धरून एक ओळ २२०० पिक्सेलची आणि एक फ्रेम ११२५ ओळींची होते. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर २२०० गुणिले ११२५ गुणिले ६०, म्हणजे १४,८५,००,००० हर्ट्झ. मोडच्या स्ट्रक्चरमध्ये हाच आकडा १४८५०० असा बसतो. आमच्या ड्रायव्हरमध्ये पीएलएलचे, म्हणजे क्लॉक तयार करणाऱ्या सर्किटचे, भाजक काढणारं एक फंक्शन होतं. त्याला हर्ट्झ लागायचे आणि ज्या फंक्शनमधून ते बोलावलं जायचं त्याला किलोहर्ट्झ मिळायचे. मध्ये कुठेतरी हजारानं गुणलेलं होतं. दोन्हीकडे पॅरामीटरचं नाव 'क्लॉक' आणि दोन्हीकडे वर्णन 'पिक्सेल क्लॉक'.

मी रिव्ह्यूमध्ये फक्त प्रश्न लिहिला: "हर्ट्झ की किलोहर्ट्झ?" तयार वाक्य देत नाही, कारण दिलं की ते उचलून चिकटवलं जातं आणि कोड पाहायचा राहून जातो. प्रश्न विचारला की माणूस कोडपर्यंत जातो. तो गेला, दोन्हीकडे एकक लिहिलं, आणि शिवाय आतल्या फंक्शनच्या पॅरामीटरचं नावच बदलून त्यात एकक घातलं. हे मी सुचवलं नव्हतं. फार आवडलं.

दुसरी जागा प्लेनची. डीआरएमच्या भाषेत प्लेन म्हणजे पडद्यावर चढवायचा एक थर. मेमरीतल्या फ्रेमबफरचा कुठला तुकडा उचलायचा हे सोर्सचे आकडे सांगतात, आणि तो पडद्यावर कुठे, केवढा ठेवायचा हे सीआरटीसीचे आकडे. पडद्यावरचे आकडे साधे पूर्ण पिक्सेल. सोर्सचे आकडे मात्र १६.१६ फिक्स्ड पॉइंटमध्ये: वरचे १६ बिट पूर्ण पिक्सेलचे, खालचे १६ बिट अपूर्णांकाचे. व्हिडिओ लहानमोठा करताना पिक्सेलच्या अर्ध्यामुर्ध्या भागापासून सुरुवात करावी लागते, त्यासाठी ही सोय. त्यामुळे १९२० पिक्सेल रुंदी तिथे १२,५८,२९,१२० अशी येते. आमच्या कॉमेंटमध्ये दोन्हीपुढे 'रुंदी, पिक्सेलमध्ये' असं होतं. कोड बरोबर होता, त्यात १६ बिटांची शिफ्ट होती. पण फक्त कॉमेंट वाचून कुणी या फंक्शनला रुंदी पाठवली असती, तर हार्डवेअरच्या वाट्याला शून्य आलं असतं, कारण १९२० हा आकडा पूर्णच्या पूर्ण अपूर्णांकाच्या बिटांत जाऊन बसतो.

आता सगळ्यात वेळ खाल्लेली गोष्ट: फंक्शन काय परत देतं.

कर्नलमध्ये पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत देणारी फंक्शनं अपयश दोन तऱ्हांनी कळवतात. काही नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, देतात. काही एररचा क्रमांक पॉइंटरमध्येच भरून देतात. पत्त्यांच्या अगदी वरच्या टोकाचे ४०९५ आकडे त्यासाठी राखून ठेवलेले आहेत. असा पॉइंटर नल नसतो. म्हणजे बोलावणाऱ्यानं फक्त नल आहे का एवढंच पाहिलं, तर तो बिनधास्त पुढे जातो, त्या पत्त्यावर वाचायला जातो आणि कर्नल तिथेच कोसळतो. डीआरएममध्ये तर सख्ख्या शेजारीही यात एकमत नाही. डिव्हाइस ट्रीवरून (बोर्डावर काय काय आहे याचं कर्नलला दिलेलं वर्णन) ब्रिज (सिग्नलचं रूप बदलणारी मधली चिप) शोधणारं जुनं फंक्शन न सापडल्यास नल देतं, आणि तसंच पॅनल शोधणारं फंक्शन एररचा क्रमांक भरलेला पॉइंटर देतं, कारण त्याला 'पॅनल अजून तयार नाही, थोड्या वेळानं या' हेही सांगायचं असतं. म्हणून 'अपयश आल्यास एरर' एवढं लिहून भागत नाही. कुठल्या तऱ्हेनं ते लिहायलाच हवं. आमच्या ड्रायव्हरमधल्या अशाच एका मदतनीस फंक्शनवर 'न मिळाल्यास नल' असं लिहिलेलं होतं आणि आत पॅनलवालं फंक्शन बोलावून त्याचं उत्तर जसंच्या तसं पुढे दिलेलं होतं. नशिबानं बोलावणारा कोड नीट होता. त्या कॉमेंटवर विसंबून उद्या कुणी नवं लिहिलं असतं तर ते नीट राहिलं नसतं.

यापेक्षा खोल गोष्ट अ‍ॅटॉमिक चेकमध्ये निघाली. पडद्यावर काही बदल करायचा तर डीआरएम सगळा बदल एका स्टेटमध्ये गोळा करतं, आधी तो शक्य आहे का ते तपासतं आणि मगच हार्डवेअरवर लावतं. तपासताना एखाद्या सीआरटीसीची स्टेट मागावी लागते, आणि ती मागणं म्हणजे त्या सीआरटीसीचं लॉक घेणं. प्रत्येकजण आपल्या गरजेप्रमाणे, हव्या त्या क्रमानं लॉक घेणार. मग एक काम पहिलं लॉक धरून दुसऱ्याची वाट पाहतंय आणि दुसरं काम दुसरं धरून पहिल्याची, असं होणारच. शनिवार पेठेतल्या एखाद्या बोळात दोन रिक्षा समोरासमोर याव्यात तसं. एकीला पार मागे, बोळाच्या तोंडापर्यंत जावं लागतं आणि मग पुन्हा आत शिरावं लागतं. कर्नलचे वाउंड-वेट जातीचे लॉक हेच करतात. कोंडी होतेय असं दिसलं की एकाला ईडेडएलके हा क्रमांक देतात. त्याचा अर्थ 'जमत नाही' असा होत नाही. त्याचा अर्थ: हातातली सगळी लॉक सोड आणि तपासणी पहिल्यापासून सुरू कर. सीआरटीसीची स्टेट देणाऱ्या डीआरएमच्या फंक्शनवरच्या कॉमेंटमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे: ईडेडएलके आल्यास संपूर्ण क्रम पुन्हा सुरू करायचा, बाकीच्या सगळ्या चुका मात्र अंतिम. कॉमेंट कशी असावी याचा नमुना म्हणून मी ती ओळ नेहमी दाखवते.

आमच्या फंक्शनवर लिहिलं होतं: 'यशस्वी झाल्यास ०, अन्यथा ऋण क्रमांक'. खोटं काहीच नाही. मी त्याला विचारलं, "कुठले ऋण क्रमांक येतात, ते लिहून काढशील का?"

तो यादी घेऊन आला तेव्हा आम्ही कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये उभे होतो. यादीत एकच नाव होतं, ईआयएनव्हीएएल. मी म्हटलं, "अरे, आत तर सीआरटीसीची स्टेट मागतोयस. ईडेडएलके कुठे गेला?" त्यानं मोबाइलवर कोड उघडला, दोन मिनिटं काही बोलला नाही आणि म्हणाला, "ताई, आपण तो गिळतोय." स्टेट मागताना काहीही चूक आली तरी कोड सरसकट ईआयएनव्हीएएल परत देत होता. म्हणजे कोंडी झाली की 'पुन्हा प्रयत्न कर' हा निरोप 'तुझी मागणीच चुकीची आहे' असा होऊन वर पोचत होता. आमच्या ग्राहकांकडून अधूनमधून तक्रार यायची की दुसरा पडदा जोडताना एखाद्या वेळी चित्र येत नाही, पुन्हा जोडला की येतं. त्या सगळ्यांचं मूळ इथेच होतं असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण हे त्यातलं एक नक्की होतं.

सिद्ध करणं अवघड गेलं नाही. कर्नलच्या डीबग पर्यायांत एक असा आहे जो या लॉकमध्ये मुद्दाम खोटे ईडेडएलके पेरतो, म्हणजे मागे फिरण्याचा रस्ता खरोखर चालतो का ते कळतं. तो चालू करून टेबलावरच्या बोर्डाला दोन पडदे जोडले आणि मोड बदलत राहिलो. लगेच नकार येऊ लागले. क्रमांक जसाच्या तसा वर पाठवणारी दुरुस्ती केली आणि नकार थांबले. ती दुरुस्ती कॉमेंटच्या पॅचमध्ये घालायची नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. वागणूक बदलणारा पॅच वेगळा हवा, त्यावर मूळ चूक कुठल्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) शिरली ते सांगणारा फिक्सेस टॅग हवा, आणि मालिकेत तो सर्वांत आधी यायला हवा. कॉमेंटच्या ढिगाऱ्यात दडवलेली दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांपर्यंत पोचतच नाही.

याच फंक्शनच्या वर्णनात आणखी एक वाक्य होतं: 'नवी मांडणी तपासते आणि रजिस्टरमध्ये लावते'. अ‍ॅटॉमिक चेकनं हार्डवेअरला हात लावायचा नसतो. वापरकर्त्याच्या बाजूचा कंपोझिटर, म्हणजे खिडक्या एकत्र करून चित्र बनवणारा प्रोग्राम, नुसतं विचारूनही बघतो, हे चालेल का, ते चालेल का. 'फक्त चाचणी' असा एक झेंडाच त्यासाठी आहे. विचारल्याबरोबर पडदा बदलला तर सगळी व्यवस्थाच मोडते. कोडमध्ये रजिस्टरला कुठेही हात लावलेला नव्हता. वाक्य फार पूर्वीचं, ड्रायव्हर अ‍ॅटॉमिक व्हायच्या आधीच्या फंक्शनवरून उचललेलं होतं. कोड बदलत गेला आणि वाक्य तिथेच राहिलं. जुन्या ड्रायव्हरमध्ये अशी वाक्यं हटकून सापडतात, म्हणून नव्यानं लिहिलेल्या कॉमेंटपेक्षा न बदललेल्या कॉमेंटकडे मी जास्त बारकाईनं बघते.

व्हीब्लँकच्या इंटरप्टमधून, म्हणजे दोन फ्रेमच्या मधल्या वेळी हार्डवेअर देतं त्या हाकेतून, बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनांवर 'कॉन्टेक्स्ट' हा भाग लिहायला लावला. तिथे झोपणारं लॉक घेता येत नाही, न झोपणारं स्पिनलॉकच घ्यावं लागतं, आणि हे फंक्शनच्या नावावरून कळत नाही. दोन-चार शब्दांत काम होतं: 'इंटरप्टमध्ये चालतं, इव्हेंटचं लॉक आत घेतं'. ते वाचून पुढचा माणूस आत म्यूटेक्स, म्हणजे झोपणारं लॉक, घालणार नाही.

मांडणीच्या चुका पटकन उरकल्या. परत येणाऱ्या क्रमांकांची यादी नुसत्या वेगवेगळ्या ओळींवर लिहिली तर स्फिंक्स त्या सगळ्या एका परिच्छेदात ओततं. यादी हवी असेल तर प्रत्येक ओळीआधी चिन्ह लावावं लागतं. यादीच्या आधी रिकामी ओळ नसली की तक्रार येते. या गोष्टी डोळ्यांनी शोधण्यात अर्थ नाही. पानं बांधून ब्राउझरमध्ये बघितली की दिसतात.

एक वाद मात्र झाला. त्यानं फाइलीतल्या झाडून सगळ्या फंक्शनांवर, अगदी तीन ओळींच्या स्टॅटिक, म्हणजे त्या फाइलीपुरत्या, फंक्शनांवरही, दोन ताऱ्यांच्या कॉमेंट लिहिल्या होत्या. मी त्यातल्या निम्म्याअधिक काढायला सांगितल्या. त्याला वाईट वाटलं, साहजिक आहे. "एवढं लिहिलंय ताई, असू दे की." कर्नलचे स्वतःचे नियम असे आहेत की इतर मॉड्यूलना खुल्या केलेल्या फंक्शनांवर कर्नल-डॉक हवीच, इतर फाइलींतून वापरल्या जाणाऱ्यांवर असावी, आणि फाइलीपुरत्या फंक्शनांची निकड सगळ्यात कमी. शिवाय ड्रायव्हर ज्या कॉलबॅक (डीआरएम गरजेप्रमाणे बोलावतं ती फंक्शनं) भरतो त्यांनी काय करायचं आणि काय नाही, हे डीआरएमच्या हेडर फाइलींत त्या त्या मेंबरच्या डोक्यावर सविस्तर लिहिलेलं असतं. प्रत्येक ड्रायव्हरनं ते आपल्याकडे उतरवून घेतलं तर एका जागी बदल झाला की बाकीच्या सगळ्या प्रती शिळ्या. आपल्याकडे फक्त आपल्या हार्डवेअरचं वेगळेपण लिहावं, साध्या एका ताऱ्याच्या कॉमेंटमध्ये. उदाहरणार्थ, आमच्या कंट्रोलरला तिसरा प्लेन चालू असताना लहानमोठं करता येत नाही. हे जगात दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही, आणि त्याच्या पहिल्या मसुद्यात नेमकं हेच नव्हतं. हे दाखवल्यावर वाद मिटला.

राहिली पॅनलची फाइल. तिथे एका स्ट्रक्चरमध्ये थांबण्याच्या वेळा होत्या, प्रत्येकीपुढे 'विलंब, मिलीसेकंदात'. एकक होतं, तेवढं बरं. पण कशापासून कशापर्यंत? वीज दिल्यापासून रीसेट सोडेपर्यंत, रीसेटपासून पहिल्या आज्ञेपर्यंत, की चित्र सुरू झाल्यापासून बॅकलाइट लावेपर्यंत? मिपी डीएसआयच्या (पडदा जोडण्याची एक पद्धत) बऱ्याच पॅनल ड्रायव्हरमध्ये झोपेतून उठवण्याच्या आज्ञेनंतर १२० मिलीसेकंदांचा विलंब दिसतो, आणि तो कुठून आला ते डेटाशीटमध्ये दाखवता येतं. आमच्या फाइलीतल्या एका आकड्याचं तसं नव्हतं. डेटाशीटमध्ये त्या टप्प्याला किमान वेळच दिलेली नव्हती. त्यानं कॉमेंटमध्ये लिहिलं होतं, 'डेटाशीटनुसार'.

आमचे बोर्ड भोसरीला तपासले जातात. आम्ही दोघं तिकडे गेलो. तिथले हार्डवेअरचे काका निवृत्तीला आलेत, पण पॅनलबद्दल काहीही विचारायचं तर त्यांनाच. मी म्हटलं, "काका, वीज दिल्यावर रीसेट सोडायच्या आधी आपण एवढं थांबतो, ते का?" त्यांनी काही न बोलता ऑसिलोस्कोप पुढे ओढला, एक प्रोब विजेच्या रेषेवर लावला, दुसरा रीसेटवर. बोर्ड चालू केला. वीज सरळ चढली नाही. अर्ध्यावर जाऊन थोडी रेंगाळली आणि मग वर गेली. "हे बघा मॅडम, बोर्डावरचे मोठे कपॅसिटर भरायला वेळ लागतो. पॅनलवाल्यांना आपला बोर्ड माहीत नाही, ते कशाला लिहितील? आधीचा आकडा ठेवला की थंडीत पहाटेच्या पाळीला पडदा पांढरा राहायचा. म्हणून मी वाढवून घेतला." तो मुलगा वहीत लिहून घेत होता. त्यानं विचारलं, "काका, मग हा विलंब पॅनलचा नाहीच ना? बोर्डाचा झाला." काका म्हणाले, "बरोबर बोललास."

प्रश्न एवढाच उरला होता की हे लिहायचं कसं. त्याला वाटत होतं की 'डेटाशीटमध्ये आकडा नाही' असं मूळ कर्नलमध्ये लिहिणं बरं दिसणार नाही, लोक म्हणतील यांना आपल्याच हार्डवेअरची माहिती नाही. मी त्याला सांगितलं की अशी ओळ वाचली की माझा त्या ड्रायव्हरवरचा विश्वास वाढतो. दुसऱ्या बोर्डावर हेच पॅनल लावणाऱ्याला तो आकडा कमी करून बघता येतो की नाही, हे त्याच ओळीवर ठरतं. 'डेटाशीटनुसार' वाचून तो बिचारा हात लावणार नाही, आणि कुणी डेटाशीट उघडून बघितलंच तर बाकीच्या सगळ्या कॉमेंटवरचाही भरवसा उडेल. शेवटी कॉमेंटमध्ये तीन गोष्टी आल्या: विलंब कुठून कुठपर्यंतचा, डेटाशीटमध्ये याला आकडा नाही, आणि हा आकडा आमच्या बोर्डावर वीज स्थिर व्हायला लागणाऱ्या वेळावरून मोजून ठरवलेला आहे. आकडाही पॅनलच्या स्ट्रक्चरमधून काढला आणि डिव्हाइस ट्रीमध्ये, बोर्डाच्या वीजपुरवठ्याच्या नोंदीत नेला. पॅनलच्या फाइलीत त्या जागी आता त्या नोंदीकडे बोट दाखवणारी ओळ आहे.

रिव्ह्यूड-बाय हा टॅग मी पॅचगणिक देते, सगळ्या मालिकेला एकदम देत नाही. कर्नलच्या नियमांप्रमाणे तो टॅग म्हणजे मी हा बदल तांत्रिकदृष्ट्या तपासला आहे, माझ्या शंका मांडल्या आणि त्यांची समाधानकारक उत्तरं मिळाली आहेत, असं जाहीर सांगणं. कोडमध्ये चूक नाहीच याची हमी तो देत नाही, पण नाव कायमचं इतिहासात राहतं. ईडेडएलकेच्या दुरुस्तीला दिला, क्लॉक आणि प्लेनच्या पॅचना दिला. रंगांच्या तक्त्याच्या फाइलीला दिला नाही. तिथल्या गणिताचा मूळ आधार काय, हे मला कोडवरून समजलं नाही आणि ज्यांनी ते लिहिलं ते आता आमच्याकडे नाहीत. त्या फाइलीतल्या कॉमेंटचे दोन तारे काढून एक ठेवला आहे आणि वर्णनात कोडवरून जेवढं खात्रीनं दिसतं तेवढंच ठेवलं आहे. भोसरीच्या काकांकडे कंट्रोलरची जुनी छापील मॅन्युअल निघाली आहे. तो मुलगा येत्या शनिवारी ती स्कॅन करायला जाणार आहे.